सात रुपयांचा क्लिक आणि सव्वा रुपयाचे कमिशन

वाचकाचे पत्र, थोडक्यात. (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

तासगाव तालुक्यात राहणारे आणि सांगलीतील शेती औजारांच्या एका दुकानात बरीच वर्षे नोकरी करणारे एक वाचक लिहितात, की पगारात घर जेमतेम चालते म्हणून त्यांनी ऑनलाइन शिकवणी लावून अ‍ॅफिलिएट मार्केटिंग, म्हणजे आपल्या लिंकवरून दुसऱ्याच्या दुकानात विक्री झाली की कमिशन मिळवण्याचे काम, शिकून घेतले. संकेतस्थळ तयार केले, त्यावर मोबाइल, इअरबड, मिक्सर अशा वस्तूंची माहिती आणि अ‍ॅमेझॉनच्या लिंक टाकल्या आणि गूगलवर सर्च जाहिराती (शोध घेणाऱ्याला निकालांसोबत दिसणाऱ्या जाहिराती) सुरू केल्या. आजवर जीएसटी सोडून ४८,००० रुपये जाहिरातींवर गेले, सुमारे ८,००० क्लिक आले आणि मंजूर झालेले कमिशन १०,००० रुपये आहे. मध्यंतरी काही जाहिराती नामंजूर झाल्या. शिकवणीतला एक मित्र सांगतो, की भावाच्या नावाने दुसरे खाते काढावे आणि तपासणीला एक पान व ग्राहकाला दुसरे पान दाखवावे; शिवाय मोठे बजेट दिल्याखेरीज गूगलची यंत्रणा ‘शिकत’ नाही. त्यासाठी पतसंस्थेतून सोनेतारण कर्ज काढण्याचा त्यांचा विचार आहे आणि पत्नीचा त्याला विरोध आहे. की-वर्ड (ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसावी ते शब्द) कोणते घ्यावेत, बजेट किती वाढवावे आणि पत्नीला कसे समजवावे, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

प्रिय वाचकमित्र,

तुम्ही आकडे मोकळेपणाने लिहिलेत, याबद्दल प्रथम आभार. या व्यवसायातील बहुतेक पत्रांत केवळ कमिशन लिहिलेले असते आणि खर्च मोघम असतो. तुमच्या आकड्यांमुळे उत्तराची सुरुवात हिशोबापासून करता येते.

४८,००० रुपयांत ८,००० क्लिक म्हणजे एक क्लिक ६ रुपयांना पडला. गूगलच्या भारतातील बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. तुमची जीएसटी नोंदणी नसेल, तर त्या कराची वजावट तुम्हाला मिळत नाही, म्हणजे तो तुमच्यासाठी निव्वळ खर्च असतो आणि क्लिकची खरी किंमत ७ रुपये ८ पैसे होते. दुसऱ्या बाजूला १०,००० रुपयांचे कमिशन ८,००० क्लिकांवर वाटले, तर प्रत्येक क्लिकमागे सव्वा रुपया हाती येतो. सात रुपये देऊन सव्वा रुपया मिळत असताना बजेट दुप्पट केले, तर तोटाही दुप्पट होईल. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे बजेट किती वाढवावे याचे उत्तर इथेच मिळते: सध्या एक रुपयाही वाढवू नका, आणि आता चालू असलेल्या जाहिराती आजच थांबवा.

मोठे बजेट दिल्यावर यंत्रणा शिकते, हे तुमच्या मित्राचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. मात्र ते तुमच्या परिस्थितीला लागू पडत नाही. गूगलची स्वयंचलित बोली (एका क्लिकसाठी देऊ केलेली रक्कम) लावणारी यंत्रणा शिकते ती खरेदीच्या नोंदींवरून. ज्याचे स्वतःचे ऑनलाइन दुकान आहे, तो पैसे भरून झाल्यावर उघडणाऱ्या पानावर गूगलचा कोड बसवतो आणि कोणत्या क्लिकवरून विक्री झाली हे यंत्रणेला कळते. तुमची विक्री अ‍ॅमेझॉनच्या संकेतस्थळावर होते आणि तिथे तुम्हाला काहीही बसवता येत नाही. त्यामुळे तुमच्या खात्यातील यंत्रणेला क्लिक दिसतात, खरेदी दिसत नाही. तिला कितीही पैसे दिले, तरी ती क्लिक मिळवायलाच शिकेल आणि क्लिक करणारा माणूस विकत घेणारा आहे की नुसता चौकशी करणारा, हा फरक तिला करता येणार नाही. तुमच्या पानावरून दुकानाच्या लिंकवर होणारा क्लिक ‘कन्व्हर्जन’ (आपल्याला हवी ती कृती पूर्ण झाली) म्हणून नोंदवला, तर तिला अर्धामुर्धा इशारा मिळतो. ही नोंद जरूर करा, पण ती विक्रीची नोंद नव्हे हे ध्यानात ठेवा. दरम्यान बोलीची सूत्रे स्वतःच्या हाती ठेवा: एक तर प्रत्येक क्लिकची बोली स्वतः ठरवा, नाही तर ‘जास्तीत जास्त क्लिक’ ही पद्धत निवडून तिला क्लिकच्या कमाल किमतीची मर्यादा घाला.

आता की-वर्डचा प्रश्न. पत्रात तुम्ही असे गृहीत धरलेले दिसते, की कुठेतरी काही गुपित की-वर्ड आहेत आणि ते सापडले की बाकीचे आपोआप जमेल. मला वाटते, अडचण त्याआधीच्या पायरीवर आहे. मोबाइल आणि इअरबड या वस्तू तुम्ही का निवडल्यात? बहुधा सगळेच त्या विकत घेतात म्हणून. पण नेमक्या याच कारणामुळे त्या शब्दांवर मोठमोठी दुकाने स्वतः बोली लावतात. त्यांना वस्तूवरचा पूर्ण नफा मिळतो आणि तोच ग्राहक पुन्हा पुन्हा येत असल्याने पहिल्या विक्रीवर थोडा तोटा सोसणेही त्यांना परवडते. तुमच्या वाट्याला त्या नफ्याचा एक पातळ काप येतो आणि मोबाइलसारख्या वस्तूंवर तर कमिशनचा दर तुलनेने फारच कमी असतो. जाहिरातीचा क्रम केवळ बोलीवर ठरत नाही, हे खरे आहे. जाहिरातीवर क्लिक होण्याची अपेक्षित शक्यता, शोधाशी तिचा मेळ आणि ती उघडून देत असलेल्या पानाचा दर्जा यांचाही त्यात वाटा असतो, आणि हीच तुमच्यासारख्या लहान माणसासाठी जमेची बाजू आहे. मात्र इअरबडविषयी इतर हजारो पानांवर नाही असे काय तुम्ही लिहिणार?

आणि नेमक्या या ठिकाणी तुमच्या पत्रातील एका वाक्याने मला थांबवले. शेती औजारांच्या दुकानात तुमची इतकी वर्षे गेली, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे, जणू त्या नोकरीचा आणि या उद्योगाचा काही संबंधच नाही. मला तर तुमच्याजवळचे खरे भांडवल तेच वाटते. पाठीवरचा बॅटरी पंप घ्यायला आलेला शेतकरी काय विचारतो, हे तुम्ही रोज ऐकता. टाकी १६ लिटरची घ्यावी की २० लिटरची, भरलेला पंप पाठीवर घेऊन दिवसभर चालता येईल का, ८ अ‍ॅम्पिअरची बॅटरी पुरेल की १२ची लागेल, तणनाशकाला फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल आणि कीडनाशक-बुरशीनाशकाला हॉलो कोन नोझल का लावायचे, तणनाशकाचा पंप वेगळाच का ठेवायचा, हंगाम संपल्यावर बॅटरी चार्ज न करता तशीच पडून राहिली तर ती का उतरते, सुटे भाग गावात मिळतात का, एवढी माहिती एकत्र आणि सोप्या मराठीत देणारे पान जर तुम्ही लिहिले, तर ते वाचून निर्णय घेणारा शेतकरी निश्चित मिळेल. मोठ्या द्राक्षबागेला ट्रॅक्टरवरचा ब्लोअर लागतो आणि पाठीवरचा पंप तिथे कामाचा नाही, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलेत, तर भाजीपाला, सोयाबीन किंवा उसातील तणनाशकासाठी पंप शोधणारा तुमच्यावर अधिक विश्वास ठेवील. हंगामाचे गणितही तुम्हाला ठाऊक आहे: द्राक्षांच्या फळछाटणीनंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात लहान बागांत डावणी आणि भुरी या रोगांच्या भीतीने फवारणीची धांदल उडते, खरिपात सोयाबीन आणि भाजीपाल्यासाठी मागणी असते, आणि मधल्या महिन्यांत जाहिरातीवर पैसे घालण्यात अर्थ नसतो. शिकवणीत यातले काहीच शिकवले जात नाही.

वस्तू ठरल्यावर जाहिरात लावण्याआधी एक आकडा काढा: एका क्लिकला जास्तीत जास्त किती रुपये देणे परवडते? उदाहरणापुरते धरू, की करवगळता ३,००० रुपयांच्या पंपावर ६ टक्के कमिशन मिळते, म्हणजे विक्रीमागे १८० रुपये. (प्रत्यक्ष दर श्रेणीनुसार वेगळा असतो आणि बदलतोही, कमिशन देणाऱ्या दुकानाच्या कार्यक्रमाच्या पानावर तो पाहूनच हिशोब करा.) जाहिरातीवरून आलेल्या १०० जणांपैकी ३५ जण दुकानाच्या लिंकवर गेले आणि त्यातील तिघांनी पंप घेतला, तर ५४० रुपये झाले. दहातील एक मागणी रद्द होते किंवा वस्तू परत जाते असे मानले, तर ४८६ रुपये उरतात, म्हणजे क्लिकमागे ४ रुपये ८६ पैसे. त्याला १.१८ ने भागून जीएसटीची सोय केली, की साधारण ४ रुपये १२ पैसे हा आकडा येतो. ही झाली ना नफा ना तोटा अशी रेषा. तुमच्या वेळेचे मोल त्यात धरलेले नाही. तेव्हा बोली ३ रुपयांच्या आसपास बसत असेल तरच ती जाहिरात लावण्यात अर्थ आहे, आणि त्या शब्दावर क्लिक ७ रुपयांना पडत असेल, तर तो शब्द कितीही आकर्षक वाटला तरी सोडून द्यावा. या हिशोबाकडे नीट पाहिले, तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. बोली कमी करण्याला मर्यादा आहे, कारण एका टप्प्याखाली जाहिरात दिसतच नाही. पण १०० पैकी ३५ ऐवजी ५० जण दुकानापर्यंत गेले आणि त्याच प्रमाणात विक्री वाढली, तर परवडणारी किंमतच वाढते. हा बदल तुमच्या पानावर घडतो, जाहिरातीच्या खात्यात नाही.

शब्द निवडताना निर्णयाच्या जवळ आलेला माणूस शोधा. ‘फवारणी कशी करावी’ असे शोधणाऱ्याला माहिती हवी असते. ‘१६ लिटर बॅटरी पंप १२ अ‍ॅम्पिअर किंमत’ असे टाइप करणारा खरेदीच्या उंबरठ्यावर असतो. हेच शब्द देवनागरीत, रोमन लिपीत आणि हिंदी वळणाने, असे तिन्ही प्रकारे टाइप केले जातात, म्हणून तिन्ही रूपे घ्या. सुरुवातीला ‘एक्झॅक्ट’ (नेमका तोच अर्थ असलेला शोध) आणि ‘फ्रेज’ (तो अर्थ सामावलेला शोध) हेच जुळणीचे प्रकार वापरा. ‘ब्रॉड’ (दूरचे संबंधित शोधही) लावले, की बॅटरी पंपाच्या नावाखाली पाणबुडी मोटारी आणि सौर पंप शोधणारेही तुमचे पैसे खर्च करतील. खात्यात ‘सर्च टर्म्स’ नावाचा अहवाल असतो आणि लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केले ते बऱ्याच अंशी त्यात दिसते. तो निदान दोन दिवसांआड वाचा आणि नको असलेले शब्द ‘निगेटिव्ह’ यादीत (ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही त्या शब्दांच्या यादीत) टाका. अनुदान, महाडीबीटी, दुरुस्ती, जुना, सौर, पाणबुडी हे शब्द तर पहिल्या दिवसापासूनच त्या यादीत हवेत, कारण महाडीबीटीवर अनुदानाचा अर्ज कसा करायचा हे शोधणारा शेतकरी आज विकत घेणारा नसतो आणि त्याच्या क्लिकचे पैसे मात्र तुम्हाला भरावे लागतात. खात्यात आधीपासूनच निवडलेले असतात ते पर्यायही तपासा. डिस्प्ले नेटवर्क (इतर संकेतस्थळांवर व अ‍ॅपवर दिसणाऱ्या जाहिराती) आणि सर्च पार्टनर (गूगलशी जोडलेल्या इतर संकेतस्थळांवरील शोध) बंद करा. ठिकाणाच्या पर्यायात, ‘त्या ठिकाणी असलेले किंवा त्यात रस असलेले’ याऐवजी केवळ त्या ठिकाणी असलेले लोक निवडा. गूगलच्या शिफारशी आपोआप लागू होण्याची सोय बंद ठेवा. ३०० रुपयांच्या दैनंदिन बजेटवर एखाद्या दिवशी ५०० रुपयांहून अधिक गेले म्हणून घाबरू नका. एका दिवशी दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो आणि महिन्याची मर्यादा दैनंदिन बजेटच्या ३०.४ पट असते.

जाहिराती नामंजूर झाल्याचे कारण तुम्ही लिहिलेले नाही, पण पानाच्या वर्णनावरून अंदाज करता येतो. दुकानातील फोटो, दुकानातील वर्णन, ग्राहकांनी दिलेले तारे आणि खाली ‘येथे खरेदी करा’ असे बटण, एवढेच ज्या पानावर असते, त्याला गूगलचे धोरण स्वतःचा मजकूर नसलेले, लोकांना केवळ दुसरीकडे पाठवणारे पान मानते. अॅफिलिएट लिंक असणे हा गुन्हा नाही. मधल्या पानाने ग्राहकाला काहीच न देणे हा आहे. अ‍ॅमेझॉनचे नियमही नीट वाचा. सर्च जाहिरातीवरून ग्राहकाला थेट किंवा वळणाच्या लिंकने अ‍ॅमेझॉनवर पाठवणे त्यांना चालत नाही, त्याने आधी तुमच्या पानावर यायला हवे. अ‍ॅमेझॉनचे नाव किंवा त्याची चुकीच्या स्पेलिंगची रूपे की-वर्ड म्हणून विकत घेता येत नाहीत. किमती हाताने टाइप करून ठेवू नयेत आणि ग्राहकांचे अभिप्राय उचलून छापू नयेत. स्वतःसाठी स्वतःच्या लिंकवरून केलेली खरेदी कमिशनला पात्र नसते. यांपैकी एखादा नियम मोडला, तर जमलेले कमिशनही नाकारले जाऊ शकते, आणि तुमचे १०,००० रुपये मला त्याच कारणाने महत्त्वाचे वाटतात. लिंकवरून खरेदी झाल्यास मला मोबदला मिळतो, हे पानाच्या सुरुवातीलाच स्वच्छ मराठीत लिहा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा आर्थिक संबंध उघड करणे अपेक्षित आहे, आणि शेतकरी ग्राहकाला ते वाचून संशय येण्याऐवजी भरवसाच वाटतो.

मित्राची युक्ती मात्र ठामपणे नाकारा. तपासणीला एक पान आणि ग्राहकाला दुसरे पान दाखवणे, तसेच कारवाई टाळण्यासाठी दुसरे खाते काढणे, या दोन्ही गोष्टी गूगलच्या धोरणातील यंत्रणेला फसवण्याच्या कलमाखाली येतात. त्या कलमाखाली पूर्वसूचना न देता खाते बंद होते. जाहिरातदारांची ओळखपत्रे तपासली जातात, त्यामुळे तुमच्या भावाचे नाव या प्रकरणात कायमचे अडकेल आणि उद्या त्याला स्वतःच्या खऱ्या धंद्यासाठी जाहिरात करायची झाली तर दार बंद असेल. आज तुमचे खाते चालू आहे, काही जाहिराती तेवढ्या नामंजूर आहेत. पान सुधारून त्या पुन्हा तपासणीला पाठवता येतात.

परिणाम मोजण्याबाबत दोन गोष्टी. अ‍ॅमेझॉनच्या खात्यात अनेक ट्रॅकिंग आयडी (विक्री कोणत्या लिंकवरून झाली ते ओळखण्याच्या खुणा) तयार करता येतात. प्रत्येक जाहिरात-गटासाठी वेगळे पान आणि वेगळा आयडी ठेवा, म्हणजे १६ लिटरच्या पंपाच्या जाहिरातीने किती मिळवले आणि नोझलच्या जाहिरातीने किती, हे निदान गटवार कळेल. काही अ‍ॅफिलिएट नेटवर्क प्रत्येक क्लिकसोबत स्वतःचा क्रमांक जोडू देतात. तिथे गूगलचा क्लिक क्रमांक पाठवून विक्रीची नोंद पुढे गूगलच्या खात्यात भरता येते आणि मग यंत्रणा खरोखरच शिकू लागते. तुमच्या मित्राच्या सल्ल्याचा खरा भाग तेवढाच. दुसरी गोष्ट धीराची. १०० क्लिकांमागे २ विक्री होण्याची अपेक्षा असेल, तरी पहिल्या १०० क्लिकांत एकही विक्री न होण्याची शक्यता सुमारे १३ टक्के असते. १५० क्लिकांनंतरही शून्यच असेल, तर ती शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणून २०-३० क्लिकांवरून की-वर्ड बंद करू नये आणि १५० क्लिक होऊनही काही न आल्यास केवळ आशेवर तो चालूही ठेवू नये. शिवाय अ‍ॅमेझॉनची लिंक साधारण २४ तासच ग्राह्य असते. शेतकरी शेजाऱ्याला विचारून, हातात पैसे आल्यावर आठ दिवसांनी पंप घेतो आणि त्याचे कमिशन तुम्हाला मिळत नाही. त्याने त्या २४ तासांत वस्तू कार्टमध्ये टाकून ठेवली, तर पुढचे सुमारे तीन महिने ती खरेदी तुमच्या नावे धरली जाते. म्हणून तुलना करून झाल्यावर पसंतीची वस्तू लगेच कार्टमध्ये ठेवा, असे पानावर सुचवणे योग्य आहे. घाई करायला लावणारा मजकूर मात्र लिहू नका.

आता कर्ज आणि पत्नीचा विरोध. पत्नीला कसे समजवावे, असे तुम्ही विचारता. मला त्यांचे म्हणणे आधी समजून घ्यावेसे वाटते. घरात ५६,६४० रुपये जाऊन १०,००० आल्याचे त्यांना दिसते आणि पुढचे पैसे सोने तारण ठेवून उभे करायचे आहेत, असे त्या ऐकतात. त्यांचा विरोध इंटरनेटला आहे असे पत्रावरून वाटत नाही, तो या हिशोबाला आहे, आणि हिशोब त्यांच्या बाजूने आहे. सोने तारण ठेवू नका. ज्या पैशावर ठरल्या तारखेला व्याज भरावे लागते, त्या पैशाने प्रयोग करता येत नाहीत, कारण प्रयोगात काही महिने शून्य उत्पन्नाचे असणार हे धरूनच चालावे लागते. त्यांच्यासमोर वरचा हिशोब मांडा आणि दोघांनी मिळून एक रक्कम ठरवा, जी पूर्ण गेली तरी घराचे काही अडणार नाही. ती ५,००० रुपये असली तरी ३ रुपयांच्या बोलीने जीएसटी धरून चौदाशे क्लिक येतात आणि एका वस्तूचा निर्णय करायला तेवढे पुरतात. त्याआधी दोन महिने जाहिरातीवर काहीच खर्च न करता चार-पाच पाने मन लावून लिहा. ती मोबाइलवर, गावातील कमजोर नेटवर्कवर, किती वेळात उघडतात ते पाहा आणि दुकानात येणाऱ्या ओळखीच्या दोन शेतकऱ्यांना वाचायला द्या. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये उलाढालीची आहे, त्यामुळे आज नोंदणी सक्तीची नसावी. पण कमिशनमधून कापलेला टीडीएस (आधीच कापून घेतलेला आयकर) तुमच्या नावावरील आयकराच्या नोंदीत दिसतो का ते पाहा आणि विवरणपत्रात हे उत्पन्न दाखवा. सांगलीत एखाद्या सनदी लेखापालाला एकदा भेटून घेतलेले बरे.

शेवटी तुम्ही विचार न केलेला एक पर्याय. तुम्ही ज्या दुकानात काम करता, त्याच्या मालकांना एका पंपावर जो नफा सुटतो, तो अ‍ॅफिलिएट कमिशनहून बहुधा बराच जास्त असेल. त्यांच्यासाठी सांगली, मिरज, तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ एवढ्याच भागात सर्च जाहिरात चालवली आणि तिच्यावरून सरळ दुकानात फोन आला, तर क्लिकची परवडणारी किंमत तुमच्या आजच्या मर्यादेच्या कितीतरी वर जाते. फोनची नोंद गूगलच्या खात्यात होते, म्हणजे मोजणीची अडचणही बरीच कमी होते. शिवाय ज्या वस्तू तुम्ही दिवसा दुकानात विकता, त्याच संध्याकाळी दुसऱ्या दुकानाच्या लिंकवरून विकणार असाल, तर मालकांना ते तुमच्याकडूनच कळायला हवे. दोन्ही विषय एकाच बैठकीत काढा. जाहिरातीचा खर्च त्यांच्याच कार्डावरून जाईल आणि खाते त्यांच्या नावावर असेल, हे आधी स्पष्ट करा. तुमचा मोबदला महिन्याला ठरावीक की फोनवरून झालेल्या विक्रीमागे, हे काम सुरू होण्यापूर्वी कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. या उत्पन्नातून पुढे तुमच्या पानांच्या प्रयोगाचा खर्च निघू शकेल.